पुढे सरकवलेला प्याला

टाकळी, जि. अहमदनगर
१४ जानेवारी १९५७

चि. ज्योतीराम यास दौलतरावचा प्रभूमध्ये सलाम.

जावयाला अहोजाहो करावं असा रिवाज आहे. पण ज्याला मी मिशनच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवायला लावली आणि ज्याचा कान माझ्या चिमटीत नेहमीच असायचा, त्याला 'आपण' म्हणताना माझी जीभ अडखळते. तेव्हा हे पत्र मास्तरांचं समज. सासऱ्याला आज मी ओसरीवर बसवलं आहे.

परवा नगरला पाळकांची बैठक झाली. तुमच्या पिंपरीच्या पाळकांनी आमच्या पाळकांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुमचा ज्योतीराम उपासनेला वेळेवर येतो, गाणी खड्या आवाजात म्हणतो, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा प्याला हातोहात त्याच्यापर्यंत आला की ओठाला न लावता शेजाऱ्याकडे सरकवतो. सलग तीन महिने असं चाललं आहे. आमच्या पाळकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत टाकळीतल्या कोंबड्यांनाही बातमी कळली होती.

सगळ्यांनी एकच अर्थ लावला आणि मीही तोच लावला. ऑक्टोबरात नागपूरला लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आपल्या भावकीतलेही काही त्या वाटेनं गेले. माझा चुलतभाऊ मुरारी गेला. तूही निघाला आहेस का? निघाला असशील तर तोंडावर सांग. मुरारीनं सांगितलं, म्हणून तो आजही माझ्याकडे येतो, माझ्याशी भांडतो आणि माझीच भाकरी खाऊन जातो. माझा राग जाण्यावर नाही, चोरून जाण्यावर आहे.

दुसरं म्हणजे छबू. लग्नाला तीन वर्षं झाली. त्यातली दोन माझी लेक माझ्याच घरी राहून बालवर्गातल्या पोरांची नाकं पुसते आहे. पेनिसिलिनचा एवढा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या आसपास नवराबायकोला एक खोली मिळू नये? मला भूगोल शिकवता येतो, पण पिंपरीचा हा भूगोल काही कळत नाही.

तुझा,
दौलतराव मास्तर

---

पिंपरी
२७ जानेवारी १९५७

तीर्थरूप मास्तरांस ज्योतीरामचा सलाम.

आपलं पत्र मिळालं. आपण ओळखलंत, त्यावर मी काय लिहू? इथे मंडळी बोलतात, पुस्तिका वाचतात, मीही ऐकतो. मन ठरत नाही आणि न ठरलेल्या मनानं प्याला घेऊ नये असं वाटतं. थोडा वेळ द्या.

खोलीचं अवघड आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वस्ती आहे, वर आमच्यासारखे कामगार. बघतो आहे. छबूला सांगा, घाई करू नये.

काम ठीक. मी कुप्या भरण्याच्या विभागात आहे. आत जाताना तीनदा हात धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं, पांढरा अंगरखा घालायचा. आपण पाहिलंत तर म्हणाल, ज्योतीराम शेवटी स्वच्छ झाला.

आपला,
ज्योतीराम

---

टाकळी
११ फेब्रुवारी १९५७

चि. ज्योतीराम यास सलाम.

वेळ द्या म्हणालास, मी दिला असता. पण आमच्या घरात माझ्याहून घाईचं माणूस आहे.

तुझं पत्र मी छबूला वाचायला दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं आणि भाकरी थापायला बसली. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, ते जातील तिथं मी जाणार. प्याला सोडायचा तर दोघांनी सोडू. त्यांना एकट्यानं का ठरवायला लावता?" मी म्हणालो, अगं, तुझ्या आजोबांनी या श्रद्धेपायी गावाचा मार खाल्ला आहे. तर म्हणाली, "आजोबांबरोबर आजीनंही खाल्ला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं, ती गेली."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेला कळवलं की मार्चअखेर काम सोडते. खोली नसेल तर झाडाखाली राहीन म्हणते. ट्रंक काढून उन्हात ठेवली आहे. आमच्या पाळकांनी रविवारी तुम्हा दोघांची नावं घेऊन प्रार्थना केली. इतकी लांबली की पुढच्या बाकावरचा म्हातारा घोरायला लागला.

मी अडवणार नाही, मला जड जाईल एवढंच. पण पोरगी आपली श्रद्धा तुझ्या शब्दावर उतरवून ठेवते आहे. तो शब्द खरा आहे ना, तेवढं कळव.

दौलतराव

---

पिंपरी
२० फेब्रुवारी १९५७

मास्तर,

तो शब्द खरा नाही.

मी कुठल्याही दीक्षेचा विचार केला नव्हता. नागपुरात लाखो माणसं ताठ मानेनं उभी राहिली आणि मी माझी खाली गेलेली मान त्यांच्यामागे लपवली. तुम्ही चुकीचा अर्थ लावलात तेव्हा मला बरं वाटलं, कारण तो माझ्या खऱ्या कारणापेक्षा फार अब्रूचा होता. मुरारीकाकांचीही माफी मागायला हवी.

आता खरं लिहितो. हे पत्र ओसरीवरचा सासराही वाचेल, त्याला इलाज नाही.

मी पुण्याला पेठेतल्या बायांकडे जातो. कारखान्यात लागलो त्याच वर्षी, सोबतच्या एकाबरोबर पहिल्यांदा गेलो. मग एकटा जाऊ लागलो. आधी महिन्यातून एकदा, मग प्रत्येक सुट्टीला. आता मध्येही रजा टाकून जातो. त्यात हौस म्हणावी तर ती केव्हाच संपली. परत येताना दापोडीच्या पुलावर सायकल थांबवून दर वेळी शपथ घेतो, आणि चार दिवसांत तोच पूल उलटा ओलांडतो. कामावर असलो तरी डोक्यात तेच असतं. शपथा किती झाल्या ते मला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी मला रोग झाला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. माझ्याच विभागात भरलेली कुपी असेल. आठवड्यात बरा झालो. त्यातून शहाणपण यावं, तर मला वाटलं, चला, यावरही औषध आहे. रोग त्या औषधानं गेला मास्तर, नाद गेला नाही.

खोलीही खोटी. पिंपरी गावात कुशाबाईंच्या घरामागे मला दिवाळीपासून खोली आहे. कुशाबाई रोज विचारतात, "बायकूला कवा आणताय? चूल थंडच हाय न्हवं." मी छबूला आणत नाही, कारण एक तर रोग पुन्हा होऊन तो तिला लागेल अशी भीती आहे, आणि दुसरं, ती आली की जाणं बंद करावं लागेल. यातलं दुसरं कारण लिहायला मला तीन दिवस लागले.

एक तेवढं केलं नाही. दिवाळीत खोलीचं खोटं सुरू झालं, तेव्हापासून ते मनात घेऊन प्याला घेतला नाही. तेवढ्यावरून मला भला माणूस समजू नका.

छबूला अडवा. तिनं माझ्या खोट्यासाठी काही सोडू नये. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, माझ्यानं होणार नाही. आणि बायबलातली वचनं लिहून पाठवू नका, ती मला पाठ आहेत.

ज्योतीराम

---

टाकळी
२५ मार्च १९५७

श्री. ज्योतीराम यांस,

आपलं पत्र मिळून महिना झाला. सासरा म्हणून एक उत्तर लिहिलं, ते फाडलं. मग मास्तर म्हणून लिहिलं, तेही फाडलं. पहिल्यात शिव्या होत्या आणि दुसऱ्यात उपदेश. दोन्ही वाचून मलाच माझी लाज वाटली.

आपण माझ्या मुलीला दोन वर्षं फसवलंत. मी रोज सकाळी तिला शाळेकडे जाताना पाहतो. हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

मी तिला काहीही सांगितलेलं नाही. खोलीचं अडलं आहे, थोडं थांब, इतकंच म्हणालो. म्हणजे आपल्या खोट्यात मीही एक वीट रचली. ती मला रोज बोचते, म्हणून लवकर काढा. आपण स्वतः तिला लिहावं. अर्धं लिहू नये, नरम करून लिहू नये. त्यानंतर ती काय करील ते तिचं ती ठरवील, आणि ती जे करील त्यात मी तिच्या बाजूला उभा राहीन.

दुसरं. आपल्याच कारखान्यात बॉयलरवर सयाजी आहे. माझा जुना विद्यार्थी, पिंपरीच्या मंडळीतच उपासनेला येतो. आपण त्याला ओळखत असाल, पण ही गोष्ट ठाऊक नसेल. सहा वर्षांपूर्वी तो दारू पिऊन गटारात पडलेला असे. त्याला चार माणसांनी धरून बाहेर काढलं, एकट्याच्या शपथांनी नाही. त्याच्याकडे जा. पाळकांकडेही जा, पण आधी सयाजीकडे जा.

तू एकटा लढलास हीच तुझी चूक झाली, ज्योती. मोट एकट्यानं ओढता येत नाही, आणि पाप तर त्याहून जड असतं. तुला वाटलं, देवाला गुपचूप सांगितलं म्हणजे झालं. त्यानं आपल्याला मंडळी कशासाठी दिली? नुसती गाणी म्हणायला?

पाहा, लिहिता लिहिता पुन्हा तू-तुकारावर आलो. असू दे.

दौलतराव

---

पिंपरी
२ जून १९५७

तीर्थरूप मास्तरांस सलाम.

छबूला एप्रिलच्या तेरा तारखेला लिहिलं. सगळं लिहिलं. उत्तर नाही. मागणार नाही.

सयाजीकडे गेलो तेव्हा तो बॉयलरखालची राख ओढत होता. मी प्रस्तावना करायला लागलो तर म्हणाला, "भावा, कारण नको सांगू, येळ सांग. पाय कवा वळत्यात?" मी म्हणालो, सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला. तो म्हणाला, "मंग सुट्टीला तीन वाजता तू माझ्याकडं. मी नसलो तर गवरा हाय, तिला पाणी भरून दे." गवराबाई म्हणजे त्याची बायको. पहिल्या महिन्यात मी इतकं पाणी भरलं की शेजारणी तिला विचारायला लागल्या, हा गडी किती घेतो.

शनिवारी सयाजीच्या खोलीत प्रार्थना असते. पाळकांच्या सल्ल्यानं तिथल्या तिघांना मी सगळं सांगितलं. कान तापले, पण जमीन दुभंगली नाही. त्यातल्या एकानं स्वतःचंही काही सांगितलं, ते मी लिहीत नाही. पूर्वी मी प्रार्थनेत म्हणायचो, देवा, हे काढून टाक, आणि डोळे उघडून बघायचो गेलं का. आता दुसऱ्याच्या कानावर पडेल अशी प्रार्थना करतो: आजचा दिवस. उद्याचं उद्या मागतो. कधी नव्हे ते, कुणीतरी ऐकतं आहे असं वाटतं.

सायकलची गंमत वेगळी. रस्त्यावर मीरासाहेबांचं सायकलचं दुकान आहे. सयाजीनं माझी सायकल तिथे ठेवायला लावली. मीरासाहेबांना कारण सांगितलं नाही, फक्त 'मागितली तर देऊ नका' म्हटलं. मे महिन्यात एका सुट्टीला मी मागायला गेलोच. ते म्हणाले, "चैन तुटली." पुढच्या वेळी म्हणाले, "बेरिंग गेलं." तिसऱ्या वेळी पाहिलं तर मागचं चाकच काढून छताला टांगलेलं. म्हणाले, "भावा, ये चाक मैं तुझी बायको आल्यावरच जोडणार. बस, चहा घे." त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. चहा घेऊन परत आलो.

आपला,
ज्योतीराम

---

पिंपरी
१५ सप्टेंबर १९५७

मास्तर,

पडलो. ऑगस्टच्या शेवटच्या सुट्टीत. सयाजी चुलत्याच्या मातीला गावी गेला होता, आणि मी गवराबाईंकडे पाणी भरायला गेलोच नाही. मी चिंचवडहून पॅसेंजर धरली. चार महिन्यांचं काम एका दुपारी घालवलं.

परत आलो तो खोलीवर गेलो नाही, मीरासाहेबांच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांनी तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाक माझ्याकडं, पाय तुझ्याकडं. पायाला कुलूप लावायचा धंदा मला येत नाही." मग माझ्या हातात एक टायर दिला, पंक्चर काढायला. अंधार पडेपर्यंत मी पंक्चरं काढली.

शनिवारी तिघांना मी होऊन सांगितलं. सयाजी म्हणाला, "सांगाया किती दिस लावलं?" मी म्हणालो, सहा. म्हणाला, "मागल्या डावाला दोन वर्सं लावली व्हतीस." एवढंच. गवराबाईंना सारं ठाऊक आहे. त्यांनी रोजच्यासारखं ताट वाढलं, भाकरी मोडून दुधात टाकली. मी त्या ताटासमोर बसून रडलो. त्या म्हणाल्या, "खारट करू नगा, परत वाढायला दूध न्हाई."

हेही छबूला लिहिलं आहे. ठरवलंच होतं, अर्धं लिहायचं नाही.

ज्योतीराम

---

टाकळी
६ ऑक्टोबर १९५७

चि. ज्योती,

छबूनं तुझं दुसरं पत्रही वाचलं. एप्रिलातलं वाचलं होतं त्या दिवशी ती शेताच्या बांधावर जाऊन बसली होती, संध्याकाळी आईनं हाताला धरून आणली. या वेळी घरातच वाचलं. मग मला विचारलं, "बाबा, हे त्यांनी आपण होऊन लिहिलं का तुम्ही लिहायला लावलं?" मी म्हणालो, या वेळी मी काही म्हटलेलं नाही. ती 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला लागला नाही, आणि एकदा अर्थ लावून तोंडघशी पडलो आहे, म्हणून आता लावत नाही.

शाळा तिनं सोडली नाही. ट्रंक मात्र अजून भिंतीलाच आहे, माळ्यावर गेलेली नाही.

तू पडलास याचं वाईट वाटलं. सहा दिवसांत सांगितलंस याचं बरं वाटलं. मास्तरांच्या वहीत तुला पस्तीस गुण. पास आहेस, पण मिरवू नकोस.

दौलतराव

---

पिंपरी
१२ जानेवारी १९५८

प्रिय छबू हिस सलाम.

उत्तर यावं म्हणून लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

ऑगस्टनंतर गेलो नाही. इच्छा मेली असं म्हणणार नाही. ती येते, दारात उभी राहते, कधी बराच वेळ. पण आता ती आली की मी घरात एकटा नसतो. मोठ्या इस्पितळात दोनदा रक्त तपासून घेतलं, रोग नाही. कागद सोबत पाठवतो, डॉक्टरांच्या सहीचा आहे.

गेल्या रविवारी, पाच तारखेला, चौदा महिन्यांनी प्याला घेतला. पाळक महिनाभर आधी म्हणाले होते, घे. मी थांबलो होतो. दोन थेंब सदऱ्यावर सांडले. शेजारी सयाजी होता. तो कुजबुजला, "धुतलं तर निघतंय, घाबरू नगं."

मी तुला बोलावत नाही. तो हक्क मी घालवला आहे. खोली आहे, चूल आहे आणि मी आहे.

ज्योतीराम

---

टाकळी
४ फेब्रुवारी १९५८

तुम्हांस छबूचा सलाम.

तुमची तिन्ही पत्रं माझ्याजवळ आहेत. पहिल्याला उत्तर लिहायला बसले होते. लिहिलं असतं तर फार वाईट लिहिलं असतं, म्हणून नाही लिहिलं. मला तुमचा राग होता आणि स्वतःचाही. तुमच्यासाठी मी आजोबांची श्रद्धा सोडायला निघाले होते, आणि तुम्ही तिकडे कुठे जात होता. त्या दिवसांत मला कुणी माफीविषयी बोललं असतं तर मी त्याला लाटणं फेकून मारलं असतं. बाबा बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

आता मी तुम्हाला एक सांगते, जे बाबांनाही सांगितलं नाही. एप्रिलनंतर मीही प्याला घेतला नाही. बायकांच्या बाजूला सगळ्यांत मागे बसायचे, प्याला आला की पुढे सरकवायचे. एखाद्यावर इतका राग मनात धरून तो ओठाला लावता येईना. मे गेला, जून गेला, नाताळ गेला. आता गावात माझ्याबद्दल बोलतात, दौलतराव मास्तरांची छबू दीक्षा घेणार. मुरारीकाका तर आनंदानं येऊन विचारून गेले. मी त्यांना म्हणाले, काका, तुम्ही बसा, भाकरी खा, तसं काही नाही.

तुमचं जानेवारीचं पत्र मी वाचून पेटीत ठेवून दिलं होतं. परवा पहिल्या रविवारी प्याला माझ्याकडे आला. मी घेतला.

सगळा विश्वास परत आलेला नाही, तो येईल तसा येईल. मी विचारीन, तुम्ही सांगायचं. सहा दिवस लावायचे नाहीत, त्याच दिवशी सांगायचं. सुट्टीला तीन वाजता आपण दोघं गवराबाईंकडे जाऊ, पाणी मी भरीन.

शाळेनं पंधरा दिवस थांबायला सांगितलं आहे. बावीस तारखेला, शनिवारी दुपारच्या गाडीनं चिंचवडला उतरते. बाबा पोहोचवायला येतो म्हणतात, मी नको म्हटलं आहे. मीरासाहेबांना चाक जोडायला सांगा आणि सायकल घेऊन स्टेशनावर या. माझी ट्रंक जड आहे.

छबू